कुत्र्याची निगा म्हणजे चोचले नव्हेत

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या दैनिकात वाचकांच्या पत्रांमध्ये नुकतंच एका गृहस्थांचं पत्र वाचलं. माणसांना दवाखाना परवडत नाही आणि लोक कुत्र्यांना पार्लरला नेतात, त्यांची नखं कापून घेतात, कान साफ करून घेतात, हे श्रीमंतांचे चोचले आहेत. शिवाय हीच कुत्री लिफ्टमध्ये अंगावर येतात, असा त्या पत्राचा रोख होता. पत्र वाचून राहवलं नाही म्हणून लिहिते आहे. पत्र लांबलं तर सांभाळून घ्यावं, विषय रोजच्या कामाचा आहे.

एका बाबतीत त्या गृहस्थांचं म्हणणं मला पटतं. कुत्र्याला अत्तर फवारणं, केस रंगवणं, नखांना नेलपॉलिश लावणं, हे सगळं माणसाच्या हौसेसाठी चालतं. कुत्र्याला त्यातलं काही नको असतं. अत्तराचा तर त्याला त्रासच होतो, कारण त्याचं सगळं जग वासावर चालतं. पण विंचरणं, नखं, कान, दात, पावसातून आल्यावर पंजे कोरडे करणं, यांना त्याच माळेत ओवू नये. ही कामं झाली नाहीत तर कुत्रं आजारी पडतं, दुखण्यामुळे चिडकं होतं, आणि मग खरोखरच कुणाच्या तरी अंगावर जातं.

मी घरोघरी जाऊन कुत्र्यांना आंघोळ घालणं, विंचरणं, नखं कापणं हे काम करते. काळाचौकीपासून मुलुंडपर्यंत माझी घरं आहेत, चाळीतली आहेत तशी टॉवरमधलीही आहेत. या कामाची गोडी मला लागली ती परळच्या बैलघोडा हॉस्पिटलच्या, म्हणजे जनावरांच्या दवाखान्याच्या रांगेत. आमच्या चाळीत सगळ्यांनी मिळून सांभाळलेलं एक कुत्रं होतं, त्याच्या कातडीच्या दुखण्यासाठी तिथे खेटे घालावे लागत. रांगेत बसल्या बसल्या डॉक्टर कान कसा उघडून बघतात, पंजा कसा धरतात, कुत्र्याच्या तोंडाकडे किती लक्ष ठेवतात, ते सगळं डोळ्यांत साठवलं. ते हॉस्पिटल ज्या बीएसपीसीए या प्राण्यांवरची क्रूरता रोखणाऱ्या संस्थेचं आहे ती १८७४ सालची. परळचंच मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून चालू आहे. तेव्हा जनावराची निगा ही या शहराला काल-परवा सुचलेली हौस नाही. गिरणगावातली माणसं आपलं जनावर घेऊन पिढ्यानपिढ्या तिथे नंबर लावत आली आहेत, आणि ती काही श्रीमंत नव्हती.

माझं म्हणणं असं आहे की कुत्र्याची खरी निगा पार्लरमध्ये होत नाही. ती घरी होते, आणि रोज हात लावून होते. आम्ही येतो महिन्यातून एकदा, फार तर दोनदा. मधले दिवस त्याच्या अंगावरून डोक्यापासून शेपटीपर्यंत कुणाचाच हात फिरला नसेल, तर आमच्यासारख्यांनी एका दुपारात काय करायचं?

परळच्या एका टॉवरमधला प्रसंग सांगते. शित्झू जातीचा, नाव कोको. वरून बघावं तर बाहुलीसारखा. रोज ब्रश फिरवतो असं घरच्यांनी सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं. पण ब्रश केसांच्या वरच्या थरावरून फिरत होता, कातडीपर्यंत पोचतच नव्हता. स्टीलचा कंगवा मी कानामागे घातला तो जागीच अडकला. काखेत तेच, मांड्यांच्या आत तेच, पट्ट्याखाली तर केसांचा अख्खा नमदा तयार झालेला. बोटांनी चाचपत चाचपत तो जरा उचलला, तर खाली कातडी लालभडक, ओली, आणि आंबट वास. कोकोने माझ्या मनगटाला दात टेकवले. चावला नाही, नुसते टेकवले. मालकीणबाई म्हणाल्या, "हा आधीपासूनच रागीट आहे हो, आम्हालाही हात लावू देत नाही." अहो, तो रागीट कुठे होता? काखेतला गुंता प्रत्येक पावलाला त्याची कातडी ओढत होता. चालताना दुखत होतं, उचलून घेतलं की दुखत होतं, लाडाने मान कुरवाळली तरी दुखत होतं. हात जवळ आला की दुखतं एवढंच तो शिकला होता.

असा गुंता कात्रीने कापू नका, हे हात जोडून सांगते. कातडी गुंत्याबरोबर वर ओढली जाते, ती कात्रीत केव्हा येते ते कळत नाही, आणि टाके घालायची वेळ येते. तो केस कापायच्या मशीननेच, कातडीला समांतर धरून, हळूहळू काढावा लागतो. आणि आधी विंचरायचं, मग आंघोळ. लोक नेमकं उलटं करतात. गुंत्यावर पाणी पडलं की तो आणखी आवळतो, आतला साबण नीट निघत नाही, आतली ओल वाळत नाही, आणि मुंबईच्या दमट हवेत त्याच्याखाली दोन दिवसांत जखम होते. केस बाजूला सारून कातडी दिसेल इतके थर करत, खालून वर विंचरत यायचं. शेवटी कंगवा मुळापासून टोकापर्यंत सरळ गेला पाहिजे, तो अडकला तर काम झालेलं नाही. शित्झू, ल्हासा, पूडल घरात आणायचं असेल तर हे रोजचं काम आहे हे आधी मनाशी पक्कं करावं. जमणार नसेल तर केस आखूड ठेवून घ्यावेत, त्यात कमीपणा नाही.

आता काळाचौकीच्या चाळीतलं एक घर. कुत्रा गावठी, पिवळसर, नाव राजा. घरात एक आजी आहेत, सत्तरी ओलांडलेल्या. राजा संध्याकाळी फिरून आला की आजी दारातच बुटक्या स्टुलावर बसतात, मांडीवर जुना टॉवेल, हाताशी चपातीचे चार तुकडे. "हात," म्हणाल्या की राजा पुढचा उजवा पाय त्यांच्या तळव्यावर ठेवतो. त्या चष्मा खाली ओढून बोटांच्या बेचक्या उघडून बघतात, पुसतात, चपातीचा तुकडा देतात. "दुसरा." मग मागचे पाय. मग कान उलटा करून बघायचा, वास घ्यायचा, ओठ वर करून दात बघायचे, मानेच्या पट्ट्याखाली बोटं फिरवायची. तुकडे संपले की राजा आत जातो. ही आजींची रोजची पूजा आहे म्हणा ना. या राजाची नखं कापायला मी जाते तेव्हा त्याला कुणी धरून ठेवावं लागत नाही. मुसकं नाही, ओरडा नाही. तो पाय देतो, मी नख कापते, आजी तुकडा देतात.

परदेशात प्राणिसंग्रहालयांतल्या मोठमोठ्या प्राण्यांनाही याच पद्धतीने रक्त तपासायला आपणहून पाय पुढे करायला शिकवतात. आजींना ते ठाऊक नाही, आणि त्यांना त्याची गरजही नाही.

हे घरी कसं करायचं ते मी माझ्या सगळ्या घरांत सांगते, इथेही सांगते. पिल्लू साधारण आठ आठवड्यांचं असताना घरी येतं. तिसऱ्या आठवड्यापासून चौदाव्या आठवड्याच्या आसपासपर्यंत जे जे त्याला भेटतं ते त्याच्या लेखी नेहमीचं होऊन जातं. त्यानंतर नव्या गोष्टींचा संशय वाढत जातो. नेमक्या याच काळात त्याची लसीकरणं चालू असतात. सहा ते आठ आठवड्यांपासून सोळा आठवड्यांपर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतराने लस असते, रेबीजची लस साधारण तीन महिन्यांनंतर, आणि तोवर डॉक्टर त्याला रस्त्यावर सोडू नका म्हणतात. बरोबरच आहे ते. पण लोक या काळात काहीच शिकवत नाहीत, "लस पूर्ण झाली की ट्रेनर लावू" म्हणतात. घरात बसून हात लावायला कुणी मना केलंय? हेच दिवस सोन्यासारखे असतात.

पंजाला हात लावायचा, लगेच "शाब्बास" म्हणायचं आणि तोंडात तुकडा द्यायचा. लगेच म्हणजे खरोखर लगेच, एक-दोन सेकंदांत. उठून फ्रिजपर्यंत जाऊन आणलेला तुकडा कशाबद्दल मिळाला हे त्याला कळत नाही. पंजाला हात लावणं जमलं की पंजा धरायचा, मग बोट दाबून नख बाहेर काढायचं, मग नेलकटर नुसता नखाला टेकवायचा. त्याच्याशेजारी बसून त्याच नेलकटरने आगपेटीची काडी कापावी, म्हणजे कटकन होणाऱ्या आवाजाची सवय होते. पिल्लाने पाय ओढून घेतला तर सोडून द्यायचा आणि एक पायरी मागे यायचं. ओढाताणीत तुम्ही एकदा जिंकाल, पण पुढच्या वेळी ते पलंगाखाली जाऊन बसेल. एका बैठकीत सगळी नखं कापायची सक्ती कुणी केलेली नाही. एक नख कापलं, खाऊ दिला, आजचं झालं.

मोठं कुत्रं दत्तक घेतलं असेल तरी हेच करायचं, फक्त धीर जास्त लागतो. आणि घरातल्या सगळ्यांनी एकाच पद्धतीने वागायचं. एकाने पंजा हळू धरायचा आणि दुसऱ्याने मानगूट पकडून दाबून धरायचं, असं असेल तर सगळं मुसळ केरात.

खाऊचंही सांगते, कारण तिथे हमखास घोटाळा होतो. उकडलेल्या कोंबडीचे बिनमिठाचे, बिनमसाल्याचे बारीक तुकडे, साधं पनीर, गाजर, काकडी, चपाती, एवढं पुरे, आणि तेवढं त्याच्या जेवणातून कमी करायचं. मनुका-बेदाणे अजिबात नाहीत. सत्यनारायणाचा शिरा प्रेमाने कुत्र्यापुढे ठेवणारी घरं मी बघते. त्यातल्या बेदाण्यांनी कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते, आणि किती बेदाण्यांनी होईल याचा नेम नाही. कांदा-लसणाने त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, म्हणून उरलेले पोहे आणि रश्शातलं मटण त्याला नको. चॉकलेट नको. साखरेऐवजी झायलिटॉल घातलेलं च्युइंगगम तर फारच वाईट, त्याने रक्तातली साखर एकदम खाली जाते. शिजवलेलं हाड नको, त्याची कपची आतड्यात रुतते.

कुत्रं गुरगुरलं की त्याला मारतात, हे मला फार लागतं. गुरगुरणं हा त्याचा सभ्यपणा आहे. त्याआधीही त्याने बरंच सांगितलेलं असतं: ओठ चाटले, जांभई दिली, तोंड फिरवलं, अंग ताठ केलं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसू लागला. एवढं सगळं कुणी वाचलं नाही म्हणून ते गुरगुरतं. त्यावर फटका दिला तर ते गुरगुरायचं बंद होतं, दुखणं मात्र तसंच राहतं. मग एक दिवस ते न सांगता चावतं, आणि घरचे म्हणतात, "काहीच कारण नव्हतं, एकदम चावला."

लिफ्टचा मुद्दा त्या गृहस्थांनी काढला आहे तो इथेच येतो. लिफ्ट म्हणजे बंद जागा, पळायला वाट नाही, आणि अनोळखी माणसाचा हात वरून डोक्याकडे येतो. ज्याला घरातल्यांनीही कधी नीट हाताळलेलं नाही त्याला ही परीक्षाच असते. मालकाने पट्टा आखूड धरावा, कुत्र्याला कोपऱ्यात आणि स्वतः मध्ये उभं राहावं, आत लहान मूल किंवा घाबरणारं कुणी असेल तर पुढची लिफ्ट घ्यावी. सोसायटीला कुत्रं पाळण्यावर बंदी घालता येत नाही, हे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने आपल्या २०१५च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये स्पष्ट केलं आहे, आणि मालक मंडळी तो कागद लगेच दाखवतात. पण त्याच सूचनांमध्ये शेजाऱ्यांना त्रास होऊ नये आणि घाण आपण उचलावी, हेही सांगितलेलं आहे. दोन्ही वाचावं.

नखांबद्दल थोडं अधिक लिहिते, कारण ती चैन आहे असं पत्रात खास म्हटलं होतं. लादीवर चालताना टकटक आवाज यायला लागला की नखं वाढली समजावं. आजकाल घरोघरी गुळगुळीत टाइल्स. वाढलेल्या नखांमुळे पंजा नीट टेकत नाही, कुत्रं घसरतं, आणि लॅब्राडॉरसारख्या जातींत, जिथे खुब्याचं दुखणं मुळातच बरंच आढळतं, तिथे त्याचे हाल होतात. पुढच्या पायाला आतल्या बाजूने जे पाचवं नख असतं ते जमिनीला टेकतच नाही, म्हणून झिजत नाही. ते गोल वळून मांसात घुसलेलं मी पाहिलं आहे, आणि घरचे म्हणत होते की हा हल्ली जिना उतरत नाही, म्हातारा झाला. नखात जिवंत शीर असते. पांढऱ्या नखात ती गुलाबी दिसते. काळ्या नखात दिसत नाही, म्हणून अगदी पातळ चकत्या काढत जायचं आणि कापलेल्या तोंडावर मधोमध गडद ठिपका दिसला की थांबायचं. चुकून रक्त आलंच तर कॉर्नफ्लॉवर दाबून धरावं, थांबतं. दर आठवड्याला थोडं थोडं कापत राहिलं की शीरही मागे सरते.

आता उन्हाळा. एप्रिल उजाडला की मला फोन सुरू होतात, "ताई, पूर्ण टक्कल करून टाका, बिचाऱ्याला गरम होतंय." जर्मन शेफर्ड, हस्की, गोल्डन, पॉमेरेनियन यांचे केस दुहेरी असतात. आत मऊ दाट लव, वर लांब राठ केस. वरचे केस ऊनही अडवतात. ते मुळापासून उडवले तर कातडी उन्हाने भाजते, आणि पुन्हा येताना केस ठिगळं लावल्यासारखे येतात, काहींना धड येतच नाहीत. गरम होत असेल तर आतली गळणारी लव विंचरून काढावी, तिनेच हवा अडते. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, थोडासा पंजांच्या गाद्यांना येतो. बाकी सगळं थंड होणं धापा टाकून, जिभेवरच्या ओलाव्याचं बाष्प करून. मुंबईच्या दमट हवेत ते बाष्प लवकर होत नाही, म्हणून पुण्यापेक्षा कमी तापमानातही इथलं कुत्रं जास्त हैराण होतं. पग, बुलडॉग यांची तर नाकंच चेपलेली, त्यांना धापही धड टाकता येत नाही. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट. ते १०४च्या वर गेलं, हिरड्या लाल झाल्या, लाळ घट्ट झाली, ते झोकांड्या देऊ लागलं, की अंगावर साधं गार पाणी ओतावं, पंखा लावावा आणि तडक डॉक्टर गाठावा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतू नये. आणि दुपारी फिरवायचंच नाही. डांबरावर हाताची पालथी बाजू पाच-सात सेकंद ठेवून बघावी. आपल्याला सोसत नसेल तर त्याला कसं सोसेल?

पावसाळा तर विचारूच नका. गोचिडी कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यांत, काखेत, पट्ट्याखाली, शेपटीखाली बसतात, म्हणजे नेमक्या तिथे जिथे हात लावू देत नाही. म्हणूनच आजींची ती चपाती मला कुठल्याही महाग औषधाहून मोलाची वाटते. गोचीड दिसली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी आणि साबणाच्या पाण्यात नाहीतर स्पिरिटमध्ये टाकावी. काडी पेटवून चटका देऊ नये, रॉकेल, टर्पेंटाइन, फिनेल काहीही लावू नये. गुराढोरांचं गोचिडांचं औषध अंदाजाने बादलीत कालवून कुत्र्याला आंघोळ घालणारी माणसं आहेत. त्याने विषबाधा होते. औषध डॉक्टरांना विचारून, वजनाप्रमाणेच घ्यावं. घरात मांजर असेल तर ते आधी सांगावं, कारण कुत्र्याच्या मानेवर टाकायच्या काही थेंबांमध्ये परमेथ्रिन असतं आणि ते मांजराच्या जिवावर बेततं. गोचिडीच्या तापात कुत्रं जेवण सोडतं, हिरड्या पांढुरक्या पडतात, कधी नाकातून रक्त येतं. एक-दोन दिवस बघू म्हणत बसू नये, रक्त तपासून घ्यावं.

आणि लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस. २६ जुलै २००५च्या पुरानंतर मुंबईकराला हा आजार सांगावा लागत नाही. उंदरांच्या मुतातून तो साचलेल्या पाण्यात येतो, कुत्र्याला होतो आणि कुत्र्याकडून माणसालाही होऊ शकतो. त्याची लस असते, ती दरवर्षी घ्यावी लागते. साचलेल्या पाण्यातून कुत्र्याला नेऊ नये, ते पाणी पिऊ देऊ नये. घरी आल्यावर चारही पंजे साध्या पाण्याने धुऊन बेचक्यांपर्यंत कोरडे करायचे. दर वेळी आंघोळ घालायची गरज नाही. माणसाचा शाम्पू तर नकोच. आपल्या त्वचेचा पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, साडेपाचच्या आसपास, त्याच्या त्वचेचा सातच्या जवळ, आणि त्याची कातडी आपल्याहून पातळ. तीन-चार आठवड्यांतून एकदा कुत्र्याच्या शाम्पूने घातलेली, नीट खळबळून काढलेली आणि पूर्ण वाळवलेली आंघोळ पुरते. आंघोळीनंतर लोंबत्या कानांचे आतले भाग कापसाने पुसावेत, बड आत खुपसू नये. कान सारखा झटकत असेल, वास येत असेल तर डॉक्टर. झटकून झटकून कानाच्या पाळीत रक्त साकळतं आणि मग साध्या खाजेचं ऑपरेशन होऊन बसतं.

पार्लरला जाऊ नका असं मी म्हणत नाही, माझंही पोट त्याच कामावर आहे. पण विचारून जा. आम्हाला कुणी परवाना विचारत नाही, तेव्हा तुम्हीच विचारायला हवं. काम चालू असताना मालकाला बघू देतात का? टेबलावर गळ्यात फास अडकवून माणूस फोन घ्यायला बाहेर जातो का? पिंजऱ्यात बसवून गरम हवेचा झोत सोडून देतात का? त्याने कुत्री उष्माघाताने दगावली आहेत. आणि डॉक्टरांना न विचारता झोपेचं औषध देतात का? माझ्याकडे आलेल्या एका कॉकर स्पॅनियलला एका ठिकाणी असं औषध देऊन केस कापले होते. घरच्यांना कळलं ते संध्याकाळपर्यंत तो उभा राहीना तेव्हा. त्यानंतर कित्येक महिने तो मशीनचा आवाज आला की जागीच लघवी करायचा. आता तो बरा आहे. त्याच्या मालकाने रोज रात्री मशीन नुसतं बंद ठेवून त्याच्याजवळ बसायचं, मग लांब खोलीत चालू करायचं, मग जवळ आणायचं, प्रत्येक पायरीला पनीर, असं करत करत त्याला परत आणलं. बँकेत नोकरी करणारा साधा माणूस, वन-रूम-किचनमध्ये राहणारा. हे चोचले आहेत का, ते त्या गृहस्थांनी सांगावं.

संपादक महोदय, एक विनंती आहे. दर मे महिन्यात आपल्या दैनिकात नालेसफाई कुठवर आली, धोकादायक इमारती कुठल्या, हे सविस्तर येतं. त्याच्या बाजूला पशुवैद्यकाकडून तपासून घेतलेली एक छोटी चौकट द्यावी: लेप्टो आणि रेबीजची लस, गोचिडी कुठे बघायच्या, पंजे कसे कोरडे करायचे. दुसरं असं की २८ सप्टेंबरला जागतिक रेबीज दिन असतो, त्या सुमारास बऱ्याच ठिकाणी मोफत लसीकरणाची शिबिरं भरतात. कुत्री-मालक दोघेही तिथे एकत्र सापडतात. डॉक्टरांच्या टेबलाशेजारी आणखी एक टेबल टाकायला मिळालं तर पंजा कसा धरायचा, कंगवा कसा घालायचा, हे मी लोकांच्या हातात कंगवा देऊन दाखवीन. दादर ते मुलुंड कुठेही येईन, पैसे नकोत, गाडीभाडंही नको. एखाद्या मंडळाला किंवा सोसायटीला यात रस असेल तर आपल्या कार्यालयामार्फत मला कळवावं. फक्त रविवार नको, रविवारी माझी घरं लागलेली असतात.

आपली,
एक वाचक, लालबाग

(नाव-पत्ता सोबत जोडला आहे, छापताना वगळावा, ही विनंती.)